लेकीच्या ताटातला समुद्रपक्षी : खावा की नको?

सुनंदा_कोथरूड

नमस्कार मंडळी,

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते. आज काळजीपोटी लिहितेय आणि हाताशी दिवस थोडे आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

माझी धाकटी लेक फॅरो बेटांवर असते. स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मध्ये, भर अटलांटिकमध्ये अठरा बेटं. सगळ्या बेटांवर मिळून वस्ती पंचावन्न हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या कोथरूडचा एक कोपरा. जावई तिथलाच. लेकीला चौथा महिना लागलाय.

दोन वर्षांपूर्वी मी सप्टेंबरात तिकडे गेले होते. पोचले त्या संध्याकाळी विहीणबाई मागच्या दारी बसून पक्षी सोलत होत्या. कबुतरापेक्षा थोराड, करडे-पांढरे, मानेपर्यंत चरबीने गच्च भरलेले. पिसं काढून झाली की एकेक पक्षी चुलीच्या जाळावरून फिरवायचा, राहिलेली लव जाळायची, मग घासून धुवायचा. उग्र तेलकट वास. माझ्या शालीतून तो वास पुण्याला येऊन दोनदा धुतल्यावर गेला. इंग्रजीत त्या पक्ष्याला फुलमार म्हणतात, त्यांच्या भाषेत हावहेस्टुर, म्हणजे समुद्राचा घोडा. ऑगस्ट संपता संपता याची पिल्लं कड्यावरच्या घरट्यांतून समुद्रात उतरतात, पण अंगाने इतकी जड असतात की पाण्यावरून उडता येत नाही. माणसं होडीतून लांब दांड्याच्या जाळीने त्यांना उचलतात. मग घरोघर बटाट्याबरोबर उकडून खातात, उरलेले मीठ लावून ठेवतात.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. परवा लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, दीर शनिवारी होडी काढतोय. देवमाशाचं मांस गरोदर बायकांनी खायचं नाही हे इथे शाळेतल्या मुलींनाही माहीत आहे. पण पक्ष्याचं मला कुणी काही सांगितलं नाही. सासूबाईंनी मायेने वाढलं तर काय करू?" तिची सुईणबाईंची तारीख पंधरा दिवसांनी आहे.

तिथला समुद्र मी डोळ्यांनी पाहिलाय. आसपास ना कारखाना, ना सांडपाण्याचा नाला. त्या पाण्यातल्या पक्ष्यात विष कुठून येणार? का येतं खरंच? जाणकारांनी सांगा.

पल्लवी_औंध

सुनंदाताई, आधी अभिनंदन! मला यातलं काही कळत नाही पण धागा वाचतेय. लेकीला म्हणावं, शनिवार टळेपर्यंत मळमळतंय म्हणून सांग.

कुरवप्रेमी

ताई, मी पक्षीनिरीक्षक आहे, गेली वीस वर्षं हिवाळ्यातला जवळजवळ प्रत्येक रविवार भिगवणला जातो. फुलमार प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण त्याच्याविषयी वाचन भरपूर आहे.

लांबून तो आपल्या कुरवासारखा, म्हणजे सीगलसारखा दिसतो. पण कुरव नाही. त्याच्या चोचीवर एक नळी असते. समुद्राचं पाणी पिऊन अंगात गेलेलं जादा मीठ तो त्या वाटे बाहेर टाकतो. घरट्याजवळ कुणी आलं तर पोटातलं तेल पिचकारीसारखं उडवतो. तुमच्या शालीचा वास तोच.

तुमच्या प्रश्नाशी संबंध येतो तो त्याच्या आयुष्याचा. हा पक्षी चाळीस वर्षं आरामात जगतो, नवव्या-दहाव्या वर्षी पहिलं अंडं घालतो आणि वर्षाला एकच. खातो काय? छोटे मासे, माखूळ, समुद्रावर तरंगणारे बारीक जीव, मासेमारी जहाजांनी फेकलेली आतडी. आता असं बघा, पाण्यातला विषाचा कण शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या जिवात तो साठतो, त्याला खाणाऱ्या माशात त्याहून जास्त, आणि माशाला खाणाऱ्या पक्ष्यात त्याहूनही जास्त. पायरी चढावी तसं प्रमाण वाढत जातं. जो वरच्या पायरीवर आहे आणि दीर्घायुषी आहे त्याच्या अंगात सर्वांत जास्त. माणूस फुलमार खातो तेव्हा तो अजून एक पायरी वर चढतो.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे तुमच्याकडे खातात ती त्या वर्षीची पिल्लं. त्यांच्या अंगात मोठ्या पक्ष्यांपेक्षा बरंच कमी साठलेलं असतं. पण अंड्यांचं उलट. मादी आपल्या चरबीतला वाटा अंड्याच्या बलकात ओतते. फॅरोत मे महिन्यात कड्यांवरून अंडी काढतात. तेव्हा लेक तिकडेच असेल तर अंड्यांचंही विचारून ठेवा.

शाकाहारी_शनिवार

राग मानू नका, पण वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याचं उडताही न येणारं पिल्लू पाण्यातून उचलून मारायचं, आणि वर त्यात प्रदूषण किती याची चर्चा करायची, हे मला पटत नाही. न खाणं हा साधा उपाय आहे. प्रदूषणाचा प्रश्नच मिटला.

सुनंदा_कोथरूड

@शाकाहारी, राग नाही. मीही घरात मासे-मटण शिजवत नाही, आणि त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नव्हतं. पण तिथे आठवडाभर राहिल्यावर काही गोष्टी दिसल्या. झाड नाही. गहू-तांदूळ पिकत नाही. बटाटा, वायंगण म्हणावं असे चार वाफे, आणि मेंढ्या. बाकी शेकडो वर्षं माणूस जगला तो समुद्रावर आणि कड्यांवरच्या पक्ष्यांवर. दोरावरून कड्यात उतरताना गेलेल्यांची नावं गावातल्या लोकांना पाठ आहेत. विहीणबाईंचे आजोबा त्यातलेच. आणि न खाणं हा उपाय मला पुण्यात बसून सोपा आहे. लेकीला त्या घरात नांदायचंय.

डॉ_मीनल

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करते. सुनंदाताई, तुमच्या लेकीच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते, कारण मानवी आरोग्याच्या बाजूने या विषयातलं सर्वांत मोलाचं काम फॅरो बेटांवरच झालेलं आहे.

तिथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या १०२२ बाळांच्या नाळेतलं रक्त आणि आयांचे केस तपासून पाऱ्याचं प्रमाण मोजलं गेलं. पाल वायहे आणि फिलिप ग्रांजां या दोन डॉक्टरांचं हे काम. मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. पोटात असताना ज्यांना जास्त पारा मिळाला होता ती मुलं लक्ष, भाषा आणि स्मरणशक्तीत थोडी मागे होती. आजारी नव्हती, शाळेत जात होती, खेळत होती. फरक चाचणीतच दिसत होता, पण निश्चित होता. हे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. अमेरिकेने अन्नातल्या पाऱ्याची आपली मर्यादा याच मुलांच्या आकड्यांवरून बांधली : दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईला दिवसाला सहा मायक्रोग्रॅम.

तिथे मुख्य दोषी देवमासा होता. १९९८ मध्येच बायकांना सांगितलं गेलं की सगळी मुलं होईपर्यंत देवमाशाची चरबी खाऊ नका, गरोदर असताना मांसही नको. २००८ मध्ये तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तर देवमासा माणसाने खाण्यायोग्य राहिलेला नाही असंच सांगितलं. लेकीच्या कानावर आलंय ते हे. पक्ष्यात पारा देवमाशापेक्षा पुष्कळ कमी. पण दोन्ही खाल्लं तर त्यांची बेरीज होते, म्हणून पक्ष्याचा विचारही करायचा.

आता जे प्रत्येक मुलीला कळायला हवं ते. या अन्नात दोन वेगळ्या जातीची विषं आहेत आणि त्यांचा हिशेब वेगळा आहे.

पारा (मिथिल मर्क्युरी) मांसात प्रथिनांना चिकटून असतो. उकडा, भाजा, चरबी काढून टाका, तो जात नाही. नाळेतून तो बाळाकडे जातो, इतका की नाळेच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा जास्त सापडतो. पण शरीर तो बाहेरही टाकतं. दोन महिन्यांच्या आसपास तो निम्मा होतो. म्हणजे दिवस राहायच्या आधी काही महिने आणि गरोदरपणात थांबलं तर खरोखर फायदा होतो.

पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं तेल) आणि डीडीटी (कीटकनाशक) यांच्या जातीची रसायनं चरबीत बसतात. कातडं आणि चरबी काढली तर बरीचशी जातात. पण एकदा माणसाच्या अंगात शिरली की वर्षानुवर्षं हलत नाहीत. नऊ महिने बंद करून काही साधत नाही. म्हणूनच चरबीचा तो १९९८ चा सल्ला 'सगळी मुलं होईपर्यंत' असा होता, नुसता 'गरोदरपणात' असा नव्हता. दहा वर्षांच्या मुलीच्या ताटाशी त्या सल्ल्याचा संबंध आहे.

लेकीसाठी माझं मत : या वर्षी पक्षी नको, अंडी तर नकोच. तिथला ताजा कॉड मासा पोटभर खाऊ दे, तो पाऱ्यात हलका असतो आणि बाळाच्या मेंदूला माशातलं तेल हवंच असतं. घाबरून मासेच बंद केले तर ते नुकसान वेगळं.

आणि एक. पक्षी सोलायला तिने अजिबात बसू नये. १९३० च्या दशकात फॅरोत न्यूमोनियासारख्या तापाची साथ आली होती. आजारी पडलेल्यांत बहुतेक बायका होत्या. शोध घेतल्यावर कळलं की फुलमारची पिल्लं सोलताना पिसांतून सिटॅकोसिस नावाचा संसर्ग होत होता. त्यानंतर पिल्लं पकडण्यावर बरीच वर्षं बंदी होती. गरोदर बाईला हा आजार फार जड जातो.

सुनंदा_कोथरूड

डॉक्टर, किती उपकार मानू. सोलण्याचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला आत्ताच कळवते. मागच्या वर्षी ती सासूबरोबर बसली होती, फोटोही पाठवला होता.

आकडेमोड

डॉ. मीनल, एक शंका. सेशेल्समध्येही असाच मोठा अभ्यास झाला. तिथल्या बायका आठवड्यात डझनभर वेळा मासे खातात, अंगात पारा भरपूर, तरी मुलांमध्ये तसं नुकसान आढळलं नाही. मग फॅरोचा निष्कर्ष सगळीकडे लावणं बरोबर आहे का?

डॉ_मीनल

@आकडेमोड, चांगला प्रश्न. सेशेल्सच्या बायका मासे खात होत्या. सतत, थोडं थोडं, आणि त्याबरोबर माशातलं चांगलं तेल आणि सेलेनियमही. फॅरोत देवमासा मिळायचा तेव्हा एकदम खूप मिळायचा, आणि पाऱ्याच्या जोडीला चरबीतून पीसीबी. दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत. मी त्यातून एवढं घेते की मासा हे औषधासारखं अन्न आहे, आणि साखळीच्या अगदी वरच्या टोकाचे प्राणी ही वेगळी गोष्ट. फुलमार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

आणि सुनंदाताई, दीर पक्षी बंदुकीने मारतात की जाळीने धरतात? तुम्ही जाळी लिहिलंय, म्हणून एक काळजी कमी. ग्रीनलंडमध्ये जाड चोचीचे मर नावाचे समुद्रपक्षी आणि आयडर बदकं बंदुकीने मारतात. तिथे लोकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. ते समुद्रातलं नव्हतं, छऱ्यांतलं होतं. छरा पक्ष्यातून आरपार गेला तरी वाटेत त्याचे डोळ्याला न दिसणारे तुकडे मांसात राहतात. छरे वेचून काढले तरी ते तुकडे रश्श्यात उतरतात.

भोसरीकर

मी या धाग्यावर लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

ताई, तुम्ही विचारलंत की आसपास कारखाना नसताना विष कुठून येतं. निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून एक उत्तर मी देऊ शकतो.

पीसीबी हे माणसाने बनवलेलं तेल. निसर्गात नाही. १९२९ पासून अमेरिकेत कारखान्यात तयार व्हायला लागलं. पेट घेत नाही, सडत नाही, वीज वाहू देत नाही, म्हणून कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये वरदानच. १९६८ मध्ये जपानमध्ये ते तांदळाच्या कोंड्याच्या तेलात गळतीने मिसळलं आणि हजारो माणसं आजारी पडली. १९७९ मध्ये अमेरिकेत उत्पादन बंद. अशी न सडणारी रसायनं जगभर बंद करण्यासाठी २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, २००४ मध्ये लागू झाला. आपल्याकडे पीसीबीचा आदेश २०१६ मध्ये निघाला.

म्हणजे आमच्या उमेदीची वर्षं या सगळ्याच्या मधली. ऐंशीच्या दशकात मी एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होतो. परदेशी बनावटीचे जुने मोठे कपॅसिटर यायचे. कापून उघडले की आत मधासारखं जाड, पिवळसर तेल. हाताला गुळगुळीत लागायचं आणि साबणाने सहज निघायचं नाही. पोरं ते कापसाच्या बोळ्याने पुसायची, बोळे जाळायची, उरलेलं तेल पत्र्याच्या डब्यातून मागच्या नाल्यात. कुणाला काही वाटत नव्हतं. सुपरवायझर मीच होतो. नाला पवनेला, पवना मुळेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीला.

आणि तिथून फॅरोला कसं? पातेल्यात भाजी उकळतेय आणि वर थंड झाकण आहे असं समजा. वाफ वर जाते आणि झाकणाला टिपूस धरतो. पृथ्वीचं तसंच. उष्ण देशांत ही रसायनं हळूहळू वाफ होऊन हवेत जातात, थंडीत खाली बसतात, उन्हाळा आला की पुन्हा उठतात, पुन्हा थोडी उत्तरेला. उड्या मारत मारत ध्रुवाकडे. तिथे झाकण इतकं थंड की परत उठायला ऊबच नाही. पारा तर कोळशाच्या धुरातूनच जातो, जगाच्या चिमण्यांतून. फॅरोच्या समुद्रात कारखाना नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कारखाना आमचा होता.

कॅनडाच्या उत्तरेला राहणाऱ्या इन्युइट या मूळ रहिवासी बायकांच्या दुधात दक्षिण क्विबेकच्या बायकांपेक्षा पाचपट पीसीबी निघाल्याचं १९८० च्या दशकाअखेर कळलं. खरं तर संशोधकांना दूषित बायकांच्या तुलनेला 'स्वच्छ' नमुने हवे होते, म्हणून ते उत्तरेकडे गेले होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

डॉ_मीनल

@भोसरीकर, मनापासून लिहिलंत. वाचणाऱ्या बाळंतिणींसाठी एक जोडते : त्या इन्युइट आयांनाही अंगावर पाजणं थांबवा असं सांगितलं गेलं नाही. दुधाचे फायदे मोठे आहेत. हा धागा वाचून कुणी पाजणं बंद करू नका.

पल्लवी_औंध

भोसरीकर काका, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

दक्षिणवारा

मूळची सदाशिव पेठेतली, गेली पंधरा वर्षं न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला. इथेही हीच गोष्ट वेगळ्या पक्ष्याची आहे, म्हणून लिहिते.

इथे टीटी नावाचा समुद्रपक्षी आहे. १ एप्रिल ते ३१ मे या काळात राकिउरा बेटाच्या (स्टुअर्ट आयलंड) आसपासच्या छोट्या बेटांवर त्याची पिल्लं बिळांतून काढतात. हा हक्क फक्त राकिउरा माओरी कुटुंबांचा, पिढीजात. इतरांना त्या बेटांवर पायही ठेवता येत नाही. माझ्या शेजारच्या आजी दरवर्षी जातात. त्या पक्षी त्याच्याच चरबीत शिजवून समुद्री शेवाळाच्या जाड पिशवीत भरतात. शेवाळाचं रुंद पान फुगवून केलेली पिशवी, वरून झाडाची साल. पोहा म्हणतात तिला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपले कांदेपोहेच डोळ्यापुढे आले. हल्ली बहुतेक जण मीठ लावून प्लास्टिकच्या बादलीत भरतात. खाताना तीनदा पाणी बदलून उकडावा लागतो इतका खारट.

हे पक्षी आपला हिवाळा टाळायला उत्तर पॅसिफिकपर्यंत जातात, जपान-अलास्काच्या पाण्यात. म्हणजे इथल्या आजींच्या ताटात तिकडच्या समुद्राचंही काही येतं. प्लास्टिकचं कुरवप्रेमी सांगतील का? आजींनी मला पक्षी साफ करताना पोटातला एक निळा तुकडा दाखवला होता, बाटलीच्या झाकणाचा असावा. धुऊन खिडकीत ठेवलाय त्यांनी. रोज भांडी घासताना त्यांच्या नजरेसमोर असतो.

कुरवप्रेमी

@दक्षिणवारा, प्लास्टिकच्या बाबतीत फुलमार तर जगाचा मोजमापाचा पक्षी झालाय. तो पृष्ठभागावरचं दिसेल ते उचलतो आणि कुरवासारखं ओकून टाकत नाही, त्यामुळे पोटातल्या पेषणीत साठत जातं. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर मरून पडलेले फुलमार गोळा करून नेदरलँड्समधले संशोधक त्यांची पोटं उघडतात. ठरवलेलं उद्दिष्ट असं, की शंभरातल्या दहापेक्षा जास्त फुलमारांच्या पोटात ०.१ ग्रॅमहून अधिक प्लास्टिक सापडू नये. ०.१ ग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही. तरी ते उद्दिष्ट अजून गाठता आलेलं नाही, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त पक्ष्यांत काही ना काही निघतंच. बारीक दोरे, पिशवीचे तुकडे, आणि साबुदाण्याएवढे गोल दाणे, ज्यापासून कारखान्यांत प्लास्टिकच्या वस्तू बनतात.

पोट तर काढून टाकतो, मग खाणाऱ्याला काय, असं वाटेल. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये टीटीच्या जवळच्या भाईबंदांच्या, म्हणजे आखूड शेपटीच्या शिअरवॉटरच्या चरबीत आग प्रतिबंधक रसायनं तपासली. बारांपैकी तीन पक्ष्यांत असे प्रकार निघाले जे त्यांच्या खाद्यात, माशांत नव्हतेच, पण पोटातल्या प्लास्टिकात होते. म्हणजे प्लास्टिकातून रसायन थेट चरबीत उतरतं. टास्मानियातले मूळ रहिवासी याच पक्ष्याची पिल्लं खातात.

हर्णैकर

हा धागा वाचून बायकोला दाखवला. आम्ही दापोलीकडचे, आता वारज्यात. आमच्याकडे समुद्रपक्षी कुणी खात नाही, पण बाळंतिणीला मोरी द्यायची पद्धत आहे. लहान मुशीला मोरी म्हणतात, हळद घालून तिचं सार करतात. दूध येतं म्हणतात. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी आईने हर्णै बंदरावरून मोरी आणून एसटीने पाठवली होती, बर्फात. आता सुनेला आठवा महिना आहे आणि आई (वय ८१) पुन्हा मोरीच्या शोधात. डॉक्टर, मोरीही साखळीत वरचीच की हो?

डॉ_मीनल

@हर्णैकर, हो. शार्क ही जात पाऱ्याच्या बाबतीत सगळीकडे वरच्या क्रमांकावर असते, आणि मोठी असेल तर जास्तच. बाळंतिणीला बांगडा, तारली, मांदेली, बोंबील बिनधास्त द्या. मोठी सुरमई आणि कुपा क्वचित. मोरी नको. आईंना सांगताना पारा-बिरा सांगू नका. 'मोरीऐवजी तारल्यांचं तिखलं कर, डॉक्टरांनी तारल्या लिहून दिल्यात' असं सांगा, आणि मी खरोखरच लिहून देतेय.

हर्णैकर

😊 आईला फोन केला. म्हणाली, तारल्या काय, सोमवारीच पाठवते.

शाकाहारी_शनिवार

माझा वरचा प्रतिसाद घाईचा होता. भोसरीकरांचं वाचून बरंच डोक्यात फिरतंय. मी डाळ-भात खाणारा, पण माझ्या घरचा दिवा कोळशावरच लागतो.

कुरवप्रेमी

जाता जाता आपल्या अंगणातलं, कारण भोसरीकरांनी उजनीचं नाव घेतलं.

गेल्या जानेवारीत कुंभारगावला पहाटे होडीत होतो. तपकिरी डोक्याचे कुरव होडीमागे घिरट्या घालत होते. हे तिबेट-लडाखच्या सरोवरांवर घरटी करून हिवाळ्याला उजनीवर येतात. नाविक त्यांना शेव टाकत होता, पर्यटकांना फोटो मिळावेत म्हणून. मी त्याला म्हटलं, शेव नको टाकूस. तो म्हणाला, "साहेब, शेवेनं काय व्हतंय, पाणी बघा की." खाली हात घातला तर बोटांना हिरवा साय. पुण्याचं मैलापाणी तिथे पोचतं आणि उन्हाळ्यात पाणी वाटाण्याच्या रश्श्यासारखं होतं. त्याच पाण्यातली चिलापी आणि वाम भिगवणच्या बाजारातून रात्री निघते आणि सकाळी गणेश पेठेत विकली जाते. कुरवही तेच मासे खातात. फरक इतकाच, कुरव मार्चमध्ये उडून जातो. नाविकाची पोरं वर्षभर तिथेच असतात आणि चिलापीच खातात.

वन्यजीव कायद्याने आपल्याकडे हे पक्षी मारता येत नाहीत, म्हणून पक्ष्यांतलं काय आहे हा प्रश्न आपल्या ताटात येत नाही. पण मासा तोच, पाणी तेच. उजनीच्या माशांचा पारा आणि शिसं नियमित मोजून मराठीत, बाजारात, फळ्यावर लावलं जावं, एवढी माझी मागणी आहे. फॅरोच्या शाळकरी पोरीला देवमाशाचं माहीत आहे. गणेश पेठेत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईलाही चिलापीचं कळायला हवं.

आकडेमोड

कुरवप्रेमी, मागणीला पूर्ण अनुमोदन. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा असेल तर मसुदा मी करतो. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

भोसरीकर

अर्जावर माझीही सही घ्या. भोसरीच्या नाल्यातला गाळही तपासायला सांगा. कुठला गाळ, ते मी नकाशावर दाखवतो.

सुनंदा_कोथरूड

मंडळी, शनिवार झाला. सांगायला हवं म्हणून लिहितेय.

शुक्रवारी लेकीने डॉक्टरांचं सगळं नवऱ्याला इंग्रजीत करून वाचून दाखवलं. १०२२ बाळांपाशी आली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, त्यातला एक मी. जन्म १९८७ चा. सातव्या वर्षी, चौदाव्या वर्षी बोलावून चाचण्या घेतल्या होत्या, ठोकळे लावायला दिले होते ते त्याला आठवतंय. इतकी वर्षं संसार झाला, पण हा विषय कधी निघालाच नव्हता.

मग तोच आईकडे गेला. विहीणबाई काय म्हणाल्या ते लेकीने मला जसंच्या तसं सांगितलं : "माझे केस कापून नेले होते, इथून, मानेपाशी. सात वर्षांनी मला पत्र आलं. तोपर्यंत तीन मुलं झाली होती, तिघांच्या वेळी मी देवमासा खाल्ला होता. मला कुणी आधी सांगितलं नाही. मी तुला न सांगता वाढेन असं वाटलं का तुला?"

आणि शनिवारी दीर पस्तीस पक्षी घेऊन आला. विहीणबाईंनी लेकीला मागच्या दारी फिरकू दिलं नाही. सोलायला थोरली जाऊ बसली, तोंडाला फडकं बांधून, हातात मोजे घालून. लेकीच्या ताटात कॉड, बटाटा आणि रुबार्बचा मुरंबा. जेवताना विहीणबाईंनी एक पक्षी बाजूला काढून मीठ लावून ठेवला आणि म्हणाल्या, हा तुझ्या नावाचा. लेकीने विचारलं, कधी खायचा? त्या म्हणाल्या, पाजणं संपलं की.

लेक म्हणाली, आई, मला पहिल्यांदाच तो खावासा वाटला.

डॉक्टर, एक शेवटचं. पुढच्या महिन्यात मी निघतेय. डिंकाचे लाडू आणि हळीव घेऊन जाणारच आहे. विहीणबाईंसाठी काय नेऊ? त्यांना लोणचं फार आवडलं होतं.

डॉ_मीनल

लोणचंच न्या. जास्त न्या.